खिसा उजवीकडे होता

जे लिहायला बसलोय ते कुणालाच माहीत नाही. गावी आईला नाही. ज्यांच्या हाताखाली शिवणकाम करतो त्या हनीफचाचांना नाही. आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, तिला तर नाहीच नाही. फोनवर लिहायला घेतलं की पुसून टाकतो, म्हणून कागद घेतलाय. माझी शाळा नववीत सुटली — सुटली कसली, मीच सोडली — त्यामुळे लिहिण्यात काही चुकलं तर चालवून घ्या. फक्त लिहिण्यातलं म्हणतोय. बाकीचं चालवून घ्या असं माझं म्हणणं नाही.

गोष्ट विमानाची आहे. हसलात ना? हसा. सातपूरला कारखान्यांचे गणवेश शिवणारा माणूस, विमानात कधी पाय ठेवला नाही, आणि कबुली कसली देतो तर विमानाची. पण असं पाहा, प्रत्येकाला कशाचा तरी नाद असतो. कुणी पत्ते खेळतं, कुणी कबुतरं पाळतं. मी जुन्या फोटोंतली विमानं ओळखतो. म्हणजे ओळखायचो. आता ओळखतो की नाही, ते मला सांगता येत नाही.

आधी आक्का कोण ते सांगतो. तिच्याबद्दल लिहायला बसलं की हात हलका होतो, म्हणून तिथूनच सुरू करतो. — हेसुद्धा टाळणंच आहे म्हणा. पण तिला ओळखल्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही.

मी गोंदियाकडचा, धानाच्या मुलखातला. नाशिकला आलो तेव्हा इथलं बोलणंही मला परकं वाटायचं. मी "पाहून राहिलो", "करून राहिलो" म्हणायचो आणि कारखान्यातली पोरं माझी नक्कल करायची. स्वभावाने मी पहिल्यापासून भित्रा. कुणी नुसतं "जरा इकडे ये" म्हटलं तरी आपलं काय चुकलं ते मी आधी आठवायला लागतो. इस्त्री बंद केली का हे पाहायला अर्ध्या रस्त्यातून परत जाणारा माणूस मी. अशा माणसाला परगावात खोली मिळाली ती आक्काच्या घरावरची. गच्चीला लागून एक खोली, समोर पत्र्याचं न्हाणीघर. आक्का खाली एकटी राहायची. मुलगी सटाण्याला दिलेली, स्वतःचं माहेरही तिकडचंच. बोलता बोलता तिची जीभ अहिराणीवर घसरायची. पहिल्याच आठवड्यात मला ताप आला, तर जिना चढून ही बाई भगरीची पेज घेऊन वर आली आणि म्हणाली, "काय पाहून राहिला रे छताकडे? पी." माझीच बोली माझ्यावर उलटवली. तिथून माझी भीती जरा कमी झाली.

आक्का एका इंजिनिअरिंग कारखान्यात ट्रेसर होती. संगणक यायच्या आधी नकाशे हाताने उतरवून काढायचे, ते तिचं काम. मूळ नकाशावर अर्धपारदर्शक कागद पसरायचा आणि रेघ न् रेघ शाईने गिरवायची. रेघ केसाएवढी सरकली तर यंत्राचा भाग चुकायचा. सगळा जन्म रेघेवर नजर ठेवून काढलेली बाई. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका स्वेटर विणायच्या, ही रद्दीतून आणलेल्या मासिकांतल्या विमानांच्या बाह्यरेषा गिरवत बसायची. का, विचारलं तर म्हणायची, "पंप आणि गियरच काढायचे का जन्मभर?" त्या रेघांची एक पत्र्याची पेटी भरलेली होती. पतंगाच्या कागदासारखे पातळ कागद, आणि प्रत्येकावर एकेक विमान — समोरून, बाजूने, खालून.

निवृत्त झाल्यावर ती एका फोनवरच्या गटात गेली. असे गट असतात, तुम्हाला माहीत नसेल. कुणाला आजोबांच्या ट्रंकेत फोटो सापडतो, त्यात कुणीतरी विमानासमोर उभं असतं. विमान कोणतं ते घरात कुणाला ठाऊक नसतं. फोटो गटात येतो. मग सगळे त्याच्यावर तुटून पडतात. चाकं आत जाणारी की बाहेर राहणारी, पंखाचं टोक गोल की चौकोनी, शेपटी कशी, इंजिनाच्या नळ्या कुठून निघतात. त्या गटाचा एक नियम होता, आणि आक्का त्या नियमाची फार कडक होती: आधी खुणा सांगायच्या, मग नाव. नुसतं नाव फेकलं तर कुणी ऐकून घ्यायचं नाही. फोनला फोटो दाखवून उत्तर मिळवायचं, तेही नाही. डोळ्याने पाहायचं.

दर रविवारी दुपारी ती ओट्यावर बसून गटात आठवडाभरात आलेले फोटो उघडायची. पेटीतला कागद फोनच्या काचेवर ठेवून रेघ जुळते का पाहायची. आता फोनचं असं की बोट लागलं की फोटो पळतो. ही कागद नीट लावणार, करंगळी टेकणार, आणि विमान सरकून कुणाच्या तरी लग्नाचा फोटो येणार. मग ती फोनला रागवायची. एकदा मी पाणी भरायला खाली आलो होतो, मला हाक मारली, "ये रे, हाई धर जरा." मी फोन धरला. धरता धरता पाहिलं. एका जुन्या दोन पंखी विमानाचा पंख अगदी जवळून होता. मी म्हटलं, "आक्का, याला तर टाके आहेत."

तिने फोन माझ्या हातातून घेऊन डोळ्यांजवळ नेला. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की जुन्या विमानांच्या पंखांवर कापड असायचं आणि ते आतल्या लाकडी पट्ट्यांना टाके घालून बांधायचे. मला नुसते टाके दिसले. एवढी वर्षं या फोटोंत घालवली, मला कधी टाके दिसले नाहीत, असं ती म्हणाली. मग तिने गटात लिहिलं — मी शेजारीच होतो, मला वाचून दाखवलं — की माझ्याकडे एक शिंपी आलाय, त्याचे डोळे उधार मागू नका.

तुम्हाला कळतंय का, मला काय झालं असेल? शाळेत मी कधी हात वर केला नव्हता. घरी माझ्याबद्दल कुणी चार लोकांत चांगलं बोललं नव्हतं. वाईटही नाही, पण बोलायसारखं काही नव्हतंच. आणि इथे एक बाई अनोळखी लोकांना माझं कौतुक लिहून पाठवत होती. पुढची काही वर्षं आमचे रविवार तसेच गेले. विमानांच्या नावांसाठी म्हणून तिने मला इंग्रजी वाचायला बसवलं. डावी बाजू, उजवी बाजू विमानात कशी मोजायची ते शिकवलं: आपण वैमानिकाच्या जागी बसलोय असं समजायचं, मग चुकत नाही. ती म्हणायची, ट्रेसिंगचा कागद चुकून उलटा पडला तर सगळ्या कारखान्यात डाव्याचं उजवं होतं, म्हणून कुठलीही रेघ बघायच्या आधी कागदाची बाजू बघावी. मी मान डोलवायचो. चहा प्यायचो. चहाबरोबर ती मला कांद्याची पात घातलेली थालिपीठं द्यायची आणि मी नको म्हटलं की, "तुमच्याकडे फक्त भातच खातात का?" असं डिवचायची.

असं सगळं असताना माणसाने काय करावं? कृतज्ञ असावं. होतोही. आजही आहे. पण कृतज्ञतेच्या पोटात आणखी काहीतरी वाढत असतं, त्याला नाव काय द्यायचं ते मला येत नाही. कायम घेणारा हात असला की कधीतरी वाटतं — एकदा, एकदाच, आपण बरोबर असावं आणि देणारा चुकीचा. तुम्हाला असं कधी वाटलंय? मला वाटायचं. गटात लोक मला "आक्कांचा शिंपी" म्हणायचे. मला त्यातला शिंपी खुपायचा नाही. आक्कांचा खुपायचा.

आता फोटोकडे येतो. किती वेळ टाळणार?

चांदवडकडच्या एका खेड्यातल्या मास्तरांनी तो गटात टाकला होता. महायुद्धाच्या दिवसांत त्यांच्या आजोबांच्या शेतात एक विमान बिघडून उतरलं होतं. सगळं गाव पाहायला लोटलं, तालुक्याहून कुणी फोटोवाला आला आणि त्याने गावासकट विमान टिपलं. मास्तरांना तो फोटो मोठा करून शाळेच्या भिंतीवर लावायचा होता, आणि खाली विमानाचं नाव लिहायचं होतं. पण विमान ओळखायला अवघड होतं. पुढचा भाग चौकटीबाहेर. शेपटीवरचे आकडे माणसांच्या मागे. खिडक्यांवर पोरं लोंबकळलेली. दिसत होतं काय, तर मागचं अंग, पंखाची एक कड आणि एक उघडं दार.

आक्काने फोटो बराच वेळ पाहिला. मग खुणा सांगितल्या. अंगावर आडव्या कडा दिसतायत, म्हणजे आत पट्ट्या आणि वरून ताणलेलं कापड. दार पंखाच्या मागच्या कडेला लागून. म्हणाली, ॲन्सन. दोन इंजिनांचं, शिकवणीचं विमान, त्या काळी आपल्याकडे होतं.

आणि मी म्हटलं, नाही.

त्याच घडणीचं, त्याच काळातलं, त्याच कामाचं दुसरं एक विमान होतं — ऑक्सफर्ड. दोघांत चटकन सांगता येणारा एक फरक असतो. ॲन्सनचं दार उजव्या अंगाला, ऑक्सफर्डचं डाव्या. नाक चौकटीबाहेर असलं तरी फोटोत त्याची दिशा डावीकडे होती. म्हणजे आपण बघतोय ते डावं अंग, आणि दार त्याच अंगाला. हे मला आक्कानेच शिकवलं होतं, वैमानिकाच्या जागी बसायचं ते. मी तिचंच शिकवलेलं तिच्यासमोर ठेवलं. ती म्हणाली, "पण हाई कापड शे ना रे?" ऑक्सफर्डचं अंग लाकडी फळ्यांचं, गुळगुळीत. त्याला कडा दिसायला नकोत.

मी म्हटलं, कडा नाहीत त्या, फोटोच्या सुरकुत्या आहेत.

इथे थांबतो जरा. — कारण आजवर मी स्वतःलाही सांगत आलो की माझी चूक प्रामाणिक होती. नव्हती. मला कापड दिसलं होतं. नववीपासून हातात कापडच आहे माझ्या. ताणून बसवलेलं कापड खालच्या पट्टीवर कसं चढतं आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये कसं किंचित बसतं, ते मला डोळे मिटूनही कळतं. ते मला त्या फोटोत दिसलं आणि मी त्याला सुरकुती म्हटलं. कारण दार माझ्या बाजूने होतं. मला जिंकायचं होतं.

गटात मी खुणा लिहिल्या, फक्त दाराच्या. पुण्याचे एक साहेब होते गटात, सगळे त्यांचं मानायचे. त्यांनी लिहिलं, दार डावीकडे आहे तेव्हा वाद संपला, ऑक्सफर्ड. मग लोकांनी मला अंगठे आणि फुलं पाठवली. कुणीतरी लिहिलं, शिष्याने गुरूला हरवलं. मास्तरांनी हात जोडून माझे आभार मानले. आक्का माझ्याशेजारीच बसली होती. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा फोटो पाहिला. मग म्हणाली, "माले नही दिखनं, तुले दिखनं." आणि हसली. खरंच आनंदाने हसली हो ती. वर आत जाऊन, मला आवडतात म्हणून, गुळाच्या दशम्या करायला घेतल्या.

तिने फोटोची बाजू तपासली नाही. कागद उलटा पडलाय का हे आयुष्यभर तपासत आलेल्या बाईने तो फोटो तपासला नाही, कारण सांगणारा मी होतो.

फोटोची एक प्रत काढून मी कारखान्यात माझ्या मशीनच्या वर भिंतीला चिकटवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो. असेच एक दिवस, चांगले काही महिने झाले असतील, हनीफचाचा माझ्याकडे शर्टांचे गठ्ठे मोजून घ्यायला आले. चाचा मालेगावचे, तोंडात कायम सुपारी, आणि शिलाईत एक दोरा वाकडा गेलेला त्यांना पलीकडच्या टेबलावरून दिसतो. फोटोकडे बघून म्हणाले, "ये कोट किसने सिया रे, पायलट?" मला ते पायलट म्हणायचे.

मी म्हटलं, कोणता कोट?

फोटोत पाटलासारखा एक माणूस होता, कोट घातलेला. चाचांनी त्याच्या छातीवर बोट ठेवलं. "जेब सीधे हाथ को. और इसका भी. हवालदार का बटन देख, औरतों जैसा. पूरे गाव का दर्जी एकच होगा, और वो भी उल्टा." आणि गठ्ठा उचलून हसत निघून गेले. त्यांना पुढे काही कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं.

मी फोटोकडे पाहिलं. खरं तर त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. आजवर मी विमान पाहिलं होतं, माणसं पाहिलीच नव्हती. वरचा खिसा डाव्या छातीवर असतो. मी रोज लावतो, दिवसभर लावतो, झोपेतही लावीन. फोटोतल्या प्रत्येकाचा खिसा उजव्या छातीवर होता. प्रत्येकाच्या शर्टाची पट्टी बायकांसारखी उलट्या बाजूने बसली होती. आणि बायका — लुगडी नेसलेल्या सगळ्या बायकांचा पदर उजव्या खांद्यावर. एका गावात एवढ्या बायका चुकीचा पदर घेतात होय? तेव्हा फोटो काचेवर निघायचे, आणि ती काच कागदावर छापताना उलटी ठेवली गेली होती, बस. सगळं गाव आरशात उभं होतं. आणि गावाबरोबर विमानही.

फोनवर फोटो उलटवला. खिसे आपल्या जागी आले, पदर आपल्या खांद्यावर आले. विमानाचं नाक उजवीकडे गेलं. दार उजव्या अंगाला.

मी शिंपी. माझ्या धंद्याच्या दोन गोष्टी त्या फोटोत होत्या, कापड आणि खिसा. एक मी नाकारली आणि दुसरी मला दिसली नाही.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं, त्याच दिवशी संध्याकाळी घरी जाऊन सांगायचं. जिना चढायच्या आधी आक्काचं दार लागतं. चार वाक्यांचं काम. ती रागावली असती का? मुळीच नाही. टाळी मागितली असती माझ्याकडे. खिशावरून उलटा फोटो ओळखला म्हणून गटात पुन्हा माझंच कौतुक लिहिलं असतं. मला हे तेव्हाही माहीत होतं. तरी मी फोटो भिंतीवरून काढला, घडी केली, आणि गप्प बसलो. कशाला घाबरलो? मास्तरांनी तोवर शाळेत फोटो लावला होता, खाली रंगाने "ऑक्सफर्ड" लिहून घेतलं होतं, समारंभ केला होता. पुण्याचे साहेब काय म्हणतील. लोक पुन्हा "आक्कांचा शिंपी" म्हणतील. ही कारणं मी स्वतःला द्यायचो. आता ती लिहिली तर केवढीशी दिसतायत.

सांगू म्हणता म्हणता राहिलं, असंही नाही. मी रोज न सांगायचं ठरवत होतो.

आणि आक्का बदलत गेली. एकदम नाही. आधी ती खुणा सांगायची आणि शेवटी माझ्याकडे बघायची. मग खुणाही मला विचारू लागली. "तू सांग रे, माझं काही खरं नाही." एका रविवारी एक फोटो आला, समुद्रकिनाऱ्यावर उभं असलेलं एक होडीसारखं विमान. मला ते कोणतं ते मुळीच ठाऊक नव्हतं. पण तिला ठाऊक होतं. मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं ना, ओळखीचं माणूस दिसल्यावर होतो तसा चेहरा झाला. तोंड उघडलं तिने. नावाचं पहिलं अक्षर माझ्या कानावर आलं. — आणि तिने तोंड मिटलं. माझ्याकडे बघितलं, मला विचारायला की बरोबर आहे ना. मी खांदे उडवले. ती म्हणाली, "राहू दे, नसेल." दोन दिवसांनी गटात उत्तर आलं ते तेच होतं, तिच्या तोंडातून अर्धं बाहेर आलेलं. तिने ते वाचलं आणि अंदाज लागला असेल चुकून, असं म्हणून सोडून दिलं.

त्यानंतर पेटी माझ्या खोलीत आली. ती सगळी कागदी विमानं. म्हणाली, माझ्याकडे नुसती धूळ खातील, ज्याला दिसतं त्याच्याकडे असावीत. जिन्यावरून पेटी मीच उचलून नेली. जड नव्हती. तुम्हाला वाटेल त्या वेळी तरी मी बोललो असेन. मी "सांभाळून ठेवतो, आक्का" म्हटलं.

या रविवारांतही तिने मला थालिपीठं द्यायचं सोडलं नाही, हे मला सांगायला हवं. माझ्यावरचा तिचा जीव कमी झाला नाही, वाढलाच. शेजारणींना सांगायची, वर राहतो ना आमचा पोरगा, त्याच्यासारखी नजर नाही कुणाची. आमचा पोरगा. मी आईला फोनवर म्हणायचो, इथे मला कशाचीच कमी नाही. ते खरं होतं.

आता शेवटचं. यंदाच्या थंडीतलं.

सटाण्याहून तिच्या मुलीचा मला फोन आला. आई हल्ली डोळ्यांना दिसत नाही म्हणते, सुईत दोरा ओवत नाही, तांदूळही शेजारणीकडून निवडून घेते, तर तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. मी नेलं. डॉक्टरांनी थेंब घातले, यंत्रातून पाहिलं, अक्षरं वाचायला लावली. आक्का प्रत्येक अक्षर वाचायची आणि पुढे "बहुतेक" म्हणायची. प्रत्येक अक्षर बरोबर होतं. खालची बारीक ओळसुद्धा. शेवटी डॉक्टर म्हणाले, आजी, मोतीबिंदू अगदी सुरुवातीचा आहे, त्याचा आत्ता त्रास नाही. या वयात अशी नजर मी कमी पाहिली आहे. काय अडचण आहे तुम्हाला?

आक्का हसली. "डॉक्टरसाहेब, तुमचं यंत्र असू द्या. मला समोरचं कापड की लाकूड ते कळत नाही. याला विचारा, हा होता तिथे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

तिथे कोण होतं सांगा? पुण्याचे साहेब नव्हते. मास्तर नव्हते. गट नव्हता. आम्ही तिघंच. एक डॉक्टर, ज्याला विमानाशी काही घेणंदेणं नव्हतं. एक बाई, जिने मला पेज पाजली, वाचायला शिकवलं. आणि मी. एक शब्द पुरला असता. "नाही", एवढाच.

मी मान हलवली. हो म्हणून.

डॉक्टरांनी काहीतरी लिहून दिलं, बहुधा तिच्या समाधानासाठी. बाहेर आल्यावर उतरत्या उन्हाने तिचे डोळे दिपले, थेंबांमुळे. तिने माझा दंड धरला आणि रस्ता ओलांडला. गाडीवरून माझ्यासाठी पेरू घेतला, तिखटमीठ लावून. म्हणाली, "तू असलास की मला भीती नाही वाटत." मी तो पेरू खाल्ला. सगळा खाल्ला.

इथे काहीतरी बाजू मांडायची असते, असं वाटतं. मी तरुण होतो, घाबरट होतो, घरापासून लांब होतो. होतो खरा. पण घाबरट तर मी इस्त्रीबद्दलही आहे, आणि इस्त्री बंद केली का हे पाहायला मी रोज परत जातो. आक्काच्या दारावरूनही मी रोज गेलो. तिथे थांबलो नाही.

ते विमान ॲन्सन होतं. अंग कापडाचं होतं, आणि ते कापड तिला पहिल्या नजरेत दिसलं होतं. शाळेच्या भिंतीवर जे लिहिलंय ते चूक आहे. होडीसारखं विमानही तिने ओळखलं होतं. तांदळातला खडाही तिला दिसतो, सुईचं नाकही दिसतं. आक्काच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. तिचा त्यांच्यावरचा विश्वास गेलाय, आणि तो मी घालवला.